एका गोळ्याची तीन फळं

सोनपेठ,
फाल्गुन शुद्ध पंचमी, फसली १३५४

प्रिय शिवरुद्र,

तुझ्या आईनं आधी 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. चिरंजीव कुणीच नसतं, प्रिय असतं. आता ती म्हणते, आत्याबाई, पहिल्याच ओळीत खाडाखोड झाली, पत्र बरं दिसत नाही. मी म्हटलं, उमादेवी, त्याला पत्र वाचायचं आहे, भिंतीला लावायचं नाही. मला अक्षर येत नाही म्हणून हिच्या तावडीत सापडले आहे. मी 'हाय' म्हणते, ही 'आहे' लिहिते. मी 'न्हाई' म्हणते, ही 'नाही' करते. बापानं चार बुकं शिकवली ती सासूच्या अंगावर काढायलीय. पण एक वचन घेतलं आहे तिच्याकडून: मी जे सांगेन त्यातलं काही गाळायचं नाही, आणि मधे उठून जायचं नाही.

परवा तुझ्या हैदराबादच्या कॉलेजातून कागद आला. होळीच्या आत हजर झाला नाहीस तर नाव कमी करणार आहेत. तुझ्या बापानं तो मला वाचून दाखवला नाही, पण सांबप्पाचा चेहरा वाचायला शाळा लागत नाही. डाक्टरीची चार वर्षं झाली आणि पाचव्यात तू उठून पूर्णेला मन्मथअप्पा मामाच्या घरी जाऊन बसलास. रेल्वेत बाबू व्हायचं म्हणतोस. विचारलं तर एकच उत्तर, मन लागत नाही. शिवरात्रीलाही आला नाहीस. मामा सांगतो, पोरगं जेवतं, निजतं, गाड्या येता-जाता बघत बसतं. तुझी आई आक्कलकाढ्याची मुळी उगाळून पाठवणार होती. मीच म्हटलं, त्याच्या रोगावरचं औषध माझ्यापाशी आहे, लिहायला बस.

कार्तिकात मी कशी होते ते तुला आठवत असेल. डोळे हळदीचे, अंग हळदीचं. म्हातारपणी पुन्हा नवरी झाले, असं मी बायकांना सांगायची. खाज अशी की फणीनं पाठ ओरबाडून घ्यायची. वैद्यानं मुळ्याची पानं दिली, जंगमानं विभूती दिली, शेजारच्या धुरपताबाईनं गळ्यात काविळीची माळ घातली. तू सुटीत आलास, पोटावर हात ठेवलास आणि बरगडीखाली तुझी बोटं थांबली. दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपायला सांगितलीस. गंगाखेडला रेल्वे धरली, परभणीला बदलली, पूर्णेला तू मला चहा पाजलास. मी आपला पेला घेऊनच निघाले होते, म्हणून तुला हसू आलं होतं. ते तुझं शेवटचं हसू, मला आठवतं तसं.

हैदराबादच्या दवाखान्यात तू पाटीवर काढून दाखवलंस. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून, मिरचीसारखं आडवं काहीतरी असतं, तुमच्या बुकात त्याला लबलबा म्हणतात. त्याच्या डोक्याशी गोळा धरला आहे, त्यानं पित्ताची वाट अडवली आहे, म्हणून मी पिवळी. मला नावाचंच हसू आलं. पासष्ट वर्षं हा लबलबा पोटात घेऊन हिंडले आणि कुणी ओळख करून दिली नाही.

मग टेबलावर घ्यायच्या आधी गळ्यातलं इष्टलिंग काढा म्हणाले. मी म्हटलं, पोट फाडा, आतलं काय काढायचं ते काढा, पण हे अंगावरून उतरलं तर आमच्यात माणूस मेलेलं असतं. मग तुम्ही मढ्याला कशाला कापता? डाक्टरसाहेब हसले. तू गळ्यातला शिवदोरक सोडलास, उकळलेल्या फडक्यात लिंग गुंडाळलंस आणि माझ्या डाव्या तळहातावर ठेवून वरून पट्टी बांधलीस. घट्ट, पण बोटं काळी पडणार नाहीत अशी. मेलेल्याला मातीत बसवताना आपल्याकडे अगदी तसंच तळहातावर देतात, हे तुझ्याही मनात आलं असणार. मला निजवलं होतं, बसवलं नव्हतं, एवढाच फरक.

त्यांनी पाठीत सुई टोचली आणि छातीखाली मी संपले. पाय कुणाचे, पोट कुणाचं, काही कळेना. मधे पडदा धरला. झोपेचंही काही दिलं होतं. मी डोळे मिटून शिवाय नमः म्हणत होते. तू उशाशी उभा राहून माझा बांधलेला हात धरला होतास.

शुद्धीवर आले असं तुम्हाला वाटलं, तेव्हा तू म्हणालास, आजी, गोळा काढला, पेरूएवढा होता. मी म्हटलं, बरं झालं. घरी आल्यावर तुझ्या बापाला विचारलं, तर तो म्हणाला, लिंबाएवढा. तुझ्या आईला विचारलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, कैरीएवढा होता म्हणे. घरात एका गोळ्याची तीन फळं झाली. निदान खोटं बोलायच्या आधी एका झाडाखाली तरी उभं राहायचं!

आता इथे तुझी आई थांबली होती. तिला म्हटलं, वचन आठव. लिही.

शिवा, अरे, मी तीस वर्षं कापडाच्या दुकानात बसले. सोनपेठच्या बाजारात निम्मी गिऱ्हाइकं दखनी उर्दू बोलणारी. वाराचा भाव पाडून मागणाऱ्या बीबींशी मी त्यांच्याच बोलीत भांडले, आणि त्यांनाच फराळाला बसवलं. तुमच्या कॉलेजात सगळं शिकणं उर्दूत, तेव्हा टेबलापाशी बोलणंही तेच असणार, हे तुझ्या ध्यानात कसं आलं नाही? पडद्यामागे आजी आहे, हे तू विसरलास. डाक्टरसाहेब म्हणाले, "ये नहीं निकलता. हाथ लगाए तो टेबल पे-च मर जाती अम्मा. पित्ते कू दूसरा रस्ता बना देव, चार-छे महिने आराम से जी लेंगी." मग कात्रीचा आवाज. तू माझा हात एवढा दाबलास की लिंगाची कड तळहातात रुतली. सगळ्या अंगात तेव्हा मला तेवढंच कळत होतं.

मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. सुईनं जे बधिर झालं ते संध्याकाळपर्यंत पायांत परत आलं, आत कुठे तरी यायचं राहून गेलं असावं. त्याची तक्रार नाही, उलट सोयीचं आहे. तुझी आई मात्र आता रडायलीय, शाई फिसकटली. तिला सांगितलं, बाजूच्या कोरड्या जागेत लिही.

तू मला फसवलंस म्हणून तुला परत टेबलापाशी उभं राहवत नाही, हे मला पूर्णेच्या पहिल्या निरोपालाच कळलं. तर ऐक. मला कुणी फसवलेलं नाही. पाटात धोंडा आला आणि हलेना, तर शहाणा माणूस पाणी बाजूनं वळवून घेतो. तुमच्या साहेबांनी तेच केलं. चार महिने मी खाजवल्यावाचून निजले. हुरडा खाल्ला. दर बाजाराला दुकानात बसून सांबप्पाचे भाव दुरुस्त केले. धुरपताबाईशी एक जुनं भांडण उरलं होतं, ते पुरतं भांडून घेतलं. हे महिने तुझ्या दोन हातांनी मला आणून दिले. ते हात रेल्वेची तिकिटं फाडायला लावू नकोस.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. आठ दिवसांपासून खाज परत सुरू झाली आहे. काल धुरपताबाई म्हणाली, भागम्मा, डोळे पुन्हा पिवळे दिसायलेत गं. म्हणजे नवी वाटही बुजायला लागली. मला हैदराबादला न्यायचं नाही आणि मुळ्याची पानंही नकोत. तू तेवढा ये. तुझ्या बापानं बांधलेला कापडाचा गठ्ठा बाजारात पोचेपर्यंत सुटतो, त्याच्या गाठीवर माझा भरवसा नाही. तळहातावरची ती पट्टी तूच बांधायची, मागे बांधली होतीस तशी. या खेपेला घट्ट बांधलीस तरी चालेल. मात्र होळी तोंडावर आली आणि मी अजून थांबलेली असले, तर तू थांबायचं नाहीस. गंगाखेडला गाडी धर, परभणीला बदल, आणि पूर्णा आलं की उतरू नकोस.

तुझीच,
भागम्मा आजी