ठेंगूची बकरी आणि सात राज्यं

१ सप्टेंबर, सकाळी सहा
वंदना झाली. मन शांत. वर्षावास संपतो त्या दिवशी विहारात खीरदानाआधी मुलांचं नाटक बसवायचं ठरलं. लेखन, दिग्दर्शन, निवेदन माझ्याकडे. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन मीच करतो, दुसरं कोण करणार?
पुस्तक ठरलं: ‘ठेंगू आणि बोलका डोंगर’. पन्नास पानं. वीतभर उंचीचा ठेंगू डोंगरानं पळवलेली आपली बकरी परत आणतो, एवढीच गोष्ट. मेडशीच्या शाळेत असताना सात वेळा वाचली. आता मुलीला, रूपाला, तोंडपाठ आहे. ठेंगू तीच. वेळ वीस मिनिटं. दहा दिवसांत तयार.

४ सप्टेंबर
पुस्तक फारच छोटं आहे. त्याच लेखकाचा पुढचा ग्रंथ ‘सात राज्यांचा संग्राम’, तीन खंड. जाणकार त्यालाच मानतात. त्यात कळतं की बकरी म्हणजे शापित महाराणी. हे लोकांपासून लपवणं बरं नाही. थोडा संदर्भ द्यायचा. एक पान. जास्त नाही.

११ सप्टेंबर
संदर्भाची चौदा पानं झाली. बायको म्हणाली, बकरीले बकरीच राहू द्या ना, कायले राणी करून राह्यले. लीलाला साहित्यातलं आतलं दिसत नाही. मी रागावलो नाही. जेवलो मात्र कमी.

१९ सप्टेंबर
तालीम. राज्यं सात, मुलं नऊ. ठेंगूची वाक्यं चाळिसावरून अकरावर आली. संग्रामात तो चारच पानं येतो, माझा नाइलाज आहे. रूपाला समजावलं, कमी बोलणं चांगलं असतं. ती म्हणाली, मंग तुमी कायले एवढं बोलता? उत्तर तयार होतं. चहा आला म्हणून राहिलं.

२५ सप्टेंबर
दौलतरावांनी नाटकाला आपली बकरी दिली. कोणाजवळ थांबत नाही, ओरडते. माझ्याजवळ मात्र गप्प. वहीचा कोपरा खात उभी राहते. त्यात चौथं राज्य गेलं. तसंही ते जड झालं होतं. राज्यं सहा.

३ ऑक्टोबर
ठेंगूची वाक्यं दोन. रूपा तीन दिवस बोलत नाही. आईला म्हणाली म्हणे, बाबाले आता ठेंगू आवडत नाई. हे साफ खोटं आहे. नाटक झालं की समजावीन.
संकल्प: निवेदन निम्मं करणं. उद्यापासून. आज सोयाबीनची सोंगणी आहे.

८ ऑक्टोबर, सकाळी
काल विहार गच्च. निवेदन निम्मं करायचं राहून गेलं होतं. डोळे मिटून बोलत राहिलो, रोज वाचनानंतर समजावतो तसं. तिसरं राज्य संपलं. सवयीनं वही मिटली आणि हात जोडले. सगळ्या विहारानं, रोज वाचन संपल्यावर म्हणतात तसं, तीनदा ‘साधू’ म्हटलं आणि लोक खिरीसाठी उठले. तीन महिन्यांची सवय त्यांनाही होतीच.
मी म्हणालो, नाटक बाकी आहे. तोवर पातेल्यावरचं झाकण निघालं होतं.
पडद्यामागे रूपा कागदाच्या मिशा लावून उभी. माझ्याकडे पाहत होती. वही उघडावीशी वाटेना. म्हणालो, तुझं तू कर, पुस्तकात आहे तसं.
बकरी ओरडायला लागली, म्हणून तिची दोरी मी धरली.
रूपानं चाळीसही वाक्यं म्हटली. लोक वाट्या घेऊन परत बसले. डोंगरानं विचारलं, एवढ्याशा बकरीसाठी एवढा चढून आलास? ठेंगू म्हणाला, माही हाय ना ते.
लहानपणी मी याच पानावर थांबायचो. विसरलो होतो.
डोळे पुसेपर्यंत बकरीनं पाचवं राज्य खाल्लं. हटकलं नाही.

दुपारी
एसटी थांब्यावर दौलतराव भेटले. म्हणाले, भाऊ, पुढच्या साली बी नाटकात तुमीच पायजे. मन भरून आलं. मान खाली घालून हात जोडले.
म्हणाले, ते बकरी दुसऱ्या कोणापाशी थांबतच नाई ना.