आगळाच्या फळीवरची स्पेनची बाटली

अजिंक्य,

आईची एवढी भीती? बोटीवरून आणलेली स्पेनची लाल वाईन तू कोकमाच्या आगळाच्या बाटल्यांच्या रांगेत लपवलीस, आणि मी ती आगळ समजून बांगड्याच्या कालवणात ओतली. सगळं कडू झालं, मांजरीनेसुद्धा तोंड फिरवलं.

सूनबाईने, मृणालीने लेबल वाचलं तेव्हा कळलं, तीन तऱ्हेच्या द्राक्षांची आहे. मग मी मटणाच्या रश्श्याबरोबर चमचाभर चाखली. भाजलेल्या खोबऱ्यापुढेही दबत नाही, बया! मासळीबरोबर घेऊ नकोस, तिला मटणच हवं. टोपात झाकून ठेवलंय, नवराबायको जेवा.

मी पोफळीला तुझ्या बहिणीकडे चालले, परवा येईन.

तुझ्या वडिलांच्या बाटल्या मी परसात फोडायची, ते तू लहानपणी पाहिलंस. म्हणून आल्यावर तोंडावरही हेच सांगणार आहे: "तू त्यांच्यासारखा नाहीस रे. माझ्यासमोर पी."