कपाटात तोंड घालून

३ फेब्रुवारी

हो म्हणाले! रेकॉर्ड कंपनीतल्या बाईंचा सकाळी फोन — ‘तुमची स्वतंत्र रेकॉर्ड काढू या. वर फक्त तुमचं नाव.’ मी नुसतं ‘बरं’ म्हटलं. बरं! आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांमागे सॅक्सोफोन फुंकला, हॉटेलांत लोक जेवत असताना जॅझ वाजवला, लग्नांत वाजवला, एकदा तर बुटांच्या दुकानाच्या उद्घाटनाला वाजवला. आणि ज्या फोनची इतकी वाट पाहिली तो आल्यावर तोंडातून काय निघालं, तर बरं.

मग आईला सांगितलं. दोनदा. तिसऱ्यांदा ओरडून. ‘अगं, मग रडतेस कशाला?’ म्हणाली. मी रडत नव्हते. म्हणजे, थोडीशी.

४ फेब्रुवारी

आज सगळ्यांची आठवण येतेय. शाळेतल्या बँडमास्तरांची सगळ्यात जास्त. शाळेचा पोचे आलेला सॅक्स त्यांनी मला ‘सुट्टीपुरता’ म्हणून दिला आणि परत कधी मागितलाच नाही. भलं होवो त्या माणसाचं.

७ फेब्रुवारी

एका पेपरचा वार्ताहर मुलाखतीला आला होता. ‘तुमची शैली घडली कशी? हा दबका, कानाशी बोलल्यासारखा आवाज — दोन ओळी वाजवून मध्येच थांबणं — हे आलं कुठून?’ मी काहीतरी भारदस्त ठोकून दिलं. शांततेचं महत्त्व वगैरे. शी! माझी मलाच लाज वाटली.

खरं काय ते इथे लिहिते. आई इस्पितळाच्या धुलाईखात्यात, कायम रात्रपाळीला. सकाळी यायची, वाफेने हात लालबुंद, घरातलं आवरायची आणि दुपारी आडवी व्हायची. घर म्हणजे एक खोली. मधोमध कपड्यांचं मोठं लाकडी कपाट आडवं लावलेलं — त्याच्या पाठीमागे तिची खाट, पुढे माझं राज्य. (अजूनही तीच खोली, तेच कपाट.) मी शाळेतून यायचे तेव्हा मला वाजवायचं असायचं आणि तिला झोपायचं. मग मी कपाट उघडून सॅक्ससकट कोटांमध्ये घुसायचे. अगदी हळू फुंकायचे. दोन ओळी वाजवल्या की थांबून कान द्यायचे. पलीकडे खाट करकरली की वाटायचं — आई कूस बदलतेय, आता उठणार! श्वास रोखून उभी. सगळं शांत झालं की पुढच्या दोन ओळी.

झालं! हीच माझी शैली. डांबराच्या गोळ्यांच्या वासात घडलेली. पेपरवाल्याला हे कसं सांगणार?

पण आई एकदाही ‘बंद कर ते’ म्हणाली नाही. दुसरी कोणी असती तर सॅक्स खिडकीतून खाली गेला असता, आणि पाठोपाठ मी.

१२ फेब्रुवारी

आईला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बारीक आवाज जवळजवळ गेलेत, म्हणाले. उरलेत तेही हळूहळू जाणार. यंत्र लावून बघू. आई म्हणाली, ‘कानात भुंगा नको मला.’ डॉक्टर हसले. मला नाही हसू आलं.

माझं सगळं वाजवणंच बारीक! ती माझ्या कार्यक्रमाला कधी आली नाही — आधी रात्रपाळी, नंतर गुडघे. मीही कधी आग्रह केला नाही, म्हटलं पुढच्या वेळी येईल. आता आली तरी तिला काय ऐकू येणार? घरातल्या घरात जे काही कानावर पडलं असेल तेही झोपेत. एकदा तरी तिनं माझं नीट, जागेपणी ऐकावं. बाकी काही नको मला. रेकॉर्डही नको. (नाही, रेकॉर्ड हवी. पण हे आधी.)

१३ फेब्रुवारी

रियाज केला. भिकार.

१८ फेब्रुवारी

स्टुडिओचा पहिला दिवस. भिंतींना सगळीकडून स्पंज लावलेला, स्वर निघाला की जागीच मरतो. कंपनीच्या बाई काचेपलीकडून म्हणाल्या, ‘जरा मोठ्यानं वाजवता येईल का? लोकांना ऐकू तर यायला हवं ना!’ मनात म्हटलं, खरंच की — मोठ्यानं वाजवलं तर आईलाही ऐकू येईल. मग काय, गाल फुगवून वाजवत सुटले.

आमचा ड्रमवाला — तो नुसता चालत आला तरी कपबशा वाजतात, म्हणून आम्ही त्याला भूकंप म्हणतो — वाजवून झाल्यावर म्हणाला, ‘छान वाजवत होती गं ती बाई. कोण होती? ओळख करून दे.’ मेला! पण बरोबर बोलला. ती मी नव्हतेच. नंतर माझ्या पद्धतीनं हळू वाजवलं, तर त्या खोलीत नुसती हवा गेल्यासारखं वाटलं. बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, ‘परवा एकदा प्रयत्न करू. नाहीच जमलं तर पुढे ढकलू.’ पुढे ढकलू म्हणजे काय ते आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

१९ फेब्रुवारी

आई मटार सोलत बसली होती. तिच्या कानाशी जाऊन ओरडून सगळं सांगितलं. मोठ्यानं वाजवलं तर माझं वाटत नाही, हळू वाजवलं तर तिथे घुमत नाही. करू काय?

‘मग कपाट घेऊन जा,’ ती म्हणाली. पाऊस आहे, छत्री घेऊन जा म्हणावं तसं!

मी हसले. हसत हसत स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत गेले. मग हसायची थांबले आणि भूकंपला फोन लावला.

२० फेब्रुवारी

कपाट गेलं! भूकंप वरच्या बाजूला, आमचा बास गिटारवाला काडी खालच्या बाजूला. काडी म्हणजे नावाप्रमाणेच. जिन्यात अडकले, एकमेकांचा उद्धार केला. खालच्या शेजारीणबाईंनी विचारलं, ‘घर सोडताय का?’ भूकंप म्हणाला, ‘नाही हो, याला बरं नाही, डॉक्टरकडे नेतोय.’

आणि आई! ‘माझे कपडे आहेत आत. मी बरोबर येणार.’ गुडघे धरत धरत आली. मी जिथे काम करते तिथे आयुष्यात पहिल्यांदा. स्टुडिओत गेल्या गेल्या एक लाकडी खुर्ची ओढली, कपाटाच्या मागे ठेवली आणि फळीला पाठ टेकून बसली. ‘इथेच बरं. पाठीला ऐकू येतं.’ मी जाऊन तळहात लावून पाहिला, भूकंपला कपाटात उभं करून माझ्या सॅक्सवर एक स्वर फुंकायला लावून. खरंच! सगळी फळी थरथरत होती.

रेकॉर्डिंग करणाऱ्या दादांनी अजिबात न हसता दोन स्वेटरांच्या मध्ये माईक लटकवला. उपकार त्यांचे. मी कोटांमध्ये शिरले. तोच वास. दोन ओळी वाजवल्या, थांबले. पुन्हा दोन ओळी. आणि आला! माझा आवाज आला! फळीपलीकडे आईची पाठ, जागी. आणखी काय हवं होतं मला! संपल्यावर भूकंपनं एकही विनोद केला नाही. त्याचा अर्थ मला कळतो.

मग ऐकायला बसलो आणि घोळ लक्षात आला. मी जिथे जिथे थांबलेय तिथे तिथे — कर्र. आईची खुर्ची! दादा म्हणाले, ‘हे नाही निघायचं. माईकच त्या लाकडात आहे.’ पुन्हा वाजवायचं, तर आईला तिथून उठवायला हवं. कसं उठवणार? ‘राहू दे,’ मी म्हटलं. आता बाई चिडणार असं वाटलं, तर त्या म्हणाल्या, ‘राहू दे. कोणीतरी घरात असल्यासारखं वाटतंय.’

बाईंना मी उगाच नावं ठेवली.

११ मार्च

रेकॉर्ड हातात आली. नाव बरोबर छापलंय. कपाट परत जागेवर, एक पाय मोडून — खाली वीट ठेवलीय. भूकंप म्हणतो तो आधीच मोडलेला होता. खोटारडा. उद्या त्याला आणि काडीला जेवायला बोलावलंय.

१२ मार्च

दुपारी स्पीकर कपाटात ठेवून रेकॉर्ड लावली. पलीकडे आई खाटेवर, फळीला पाठ लावून. पहिल्याच थांब्याला खाट करकरली. दुसऱ्यालाही. मी पलीकडे जाऊन ओरडले, ‘आई, मी थांबले की दर वेळी हलतेस का गं? रेकॉर्डमध्येसुद्धा आलंय!’

‘मग? मी हलले की तू पुढचं वाजवतेस. लहानपणापासूनच. खाट वाजवल्याशिवाय पुढे जायचीच नाहीस!’

‘तेव्हा तू झोपलेली असायचीस!’

‘तुझं चालू असताना? छे!’

कपाटात तोंड घालून रडले. थोडीशी नाही.