आईचं लग्न आणि पेनीबेकरांचा हिवाळी अंदाज

चि. क्लेटन यास,

ब्लू रिज डोंगराच्या पायथ्याहून थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, गोठायच्या आत घे. तुझी कंबर कशी आहे, डोरिंडाचा खोकला गेला का, आणि ॲरिझोनात अजून तेच ऊन पडतंय का, ते कळव. (शेवटचं नाही कळवलंस तरी चालेल, दर फोनला ते तू न विचारताच सांगतोस.) इकडे सगळे धडधाकट आहेत, माझं उजवं कोपर सोडून. त्याची हकीकत पुढे येईल.

आईच्या लग्नाला तू आला नाहीस. बर्फाचा अंदाज आहे, विमानं रद्द होतील, असं कारण कळवलंस. अंदाजावर विश्वास ठेवणारा आपल्या घराण्यात तूच पहिला. बाबा टीव्हीवरच्या पेनीबेकरचा अंदाज ऐकायचे ते फक्त उलटं वागण्यासाठी. त्याने ऊन सांगितलं की बाबा गमबूट चढवायचे, आणि त्यांचे पाय कधी भिजले नाहीत. आणि आता त्याच माणसाला बाबांच्या खुर्चीत बसून बाबांच्या बशीतून ॲपल-पाय खाताना मी बघते. देव बाबांना वर उत्तम हवामान देवो.

पेनीबेकर तुला आठवत असेलच. तीस वर्षं संध्याकाळच्या बातम्यांनंतर टीव्हीवर यायचा, नकाशासमोर हात फिरवायचा आणि नेमकी आपली काउंटी कोपराखाली झाकायचा. आता निवृत्त झालाय, पण खोड जाते कुठे? दर नोव्हेंबरला चर्चच्या सभागृहात येत्या हिवाळ्याचा विभागीय अंदाज वाचतो, आणि लोक कॉफी फुकट म्हणून बसतात. यंदाचा अंदाज मी स्वतः ऐकला. हिमवर्षाव सरासरीइतका किंवा त्याहून कमी, पण जास्त होणारच नाही असं नाही. थंडी पडेल, मधूनमधून पडणार नाही. आणि डोंगराच्या दोन्ही अंगांना 'संमिश्र स्वरूपाचा वर्षाव'. म्हणजे हिम, बर्फाची कणी किंवा जमिनीला टेकताक्षणी काच होणारा पाऊस, यांतलं काय ते देवाने ठरवायचं आणि 'मी म्हटलंच होतं' हे पेनीबेकरने म्हणायचं. असला अंदाज माझी कोंबडीसुद्धा वर्तवील, आणि वर अंडंही देईल.

एवढं ऐकून सगळे कॉफी पीत राहिले, पण आपल्या मातोश्री कॉफीची किटली हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि विचारत्या झाल्या की संमिश्र म्हणजे माझ्या अंगणात नक्की काय पडणार. तो म्हणाला, बाई, ते तुमच्या अंगणात उभं राहिल्याशिवाय सांगता येणार नाही. लोक हसले. मीही हसले. (तुला सांगते, फार लवकर हसले.) पुढच्याच आठवड्यात थर्मामीटर घेऊन हे गृहस्थ अंगणात हजर. मी शेजारच्या माझ्या घराच्या खिडकीतून बघत होते. तासभर आकाशाकडे तोंड करून उभा होता आणि आई त्याच्या डोक्यावर छत्री धरून. त्यानंतर दर आठवड्याला अंगण तपासायची गरज पडू लागली. ख्रिसमसला आईने मला सांगितलं की जानेवारीत लग्न करतोय. मी म्हटलं, निदान एप्रिलपर्यंत थांबा. त्यावर ती म्हणाली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी एप्रिल हा लांब पल्ल्याचा अंदाज असतो.

तारीख नवरदेवाने स्वतः काढली. छातीवर हात ठेवून म्हणाला, फक्त पाऊस. सकाळी खरोखरच पाऊस होता, हे कबूल करायला हवं. पाहुणे गाड्या चढवून टेकडीवरच्या चर्चमध्ये पोचले, आत हॅमचा वास सुटला, आई निळ्या पोशाखात बसली. फक्त पाद्री ओबेनशेन यायचे होते. तेवढ्यात थंड हवा उतरली आणि डोंगराला पाठ टेकून दरीत बसली. पाऊस तसाच पडत राहिला, पण पडेल तिथे काच. ओबेनशेन यांची गाडी टेकडीच्या तळाशी नाल्यात उतरली, अगदी सावकाश, जणू तिथेच जायचं होतं. ते बाहेर आले, झगा सावरून चार पावलं चढले आणि पोटावर झोपून परत गेले. पुन्हा चढले, पुन्हा गेले. आम्ही सगळे खिडक्यांना नाकं लावून. तेव्हा पेनीबेकर मिठाची पिशवी घेऊन त्यांना आणायला निघाला. मीठ वाटेत राहिलं, तो नाल्यात पोचला.

आई दार उघडून पायरीवर उभी राहिली आणि तिने खाली ओरडून विचारलं, "हॉलिस, हे काय आहे?"

खालून पेनीबेकरचं उत्तर आलं, "विनिफ्रेड, हे संमिश्र."

मला वाटलं आता आईचे डोळे उघडतील. ती स्वयंपाकघरात गेली, हॅमखालचा मोठा ट्रे ओढून काढला (हॅम टेबलावर तसंच, रस सगळीकडे), पायरीशी ठेवला, त्यावर बसली आणि गेली. क्लेटन, आपली आई, बायबल वर्गाची अध्यक्ष, निळ्या रेशमी पोशाखात, चर्चच्या उतारावरच्या थडग्यांच्या दोन रांगांमधून घसरत गेली आणि त्या माणसाने तिला दोन्ही हातांनी झेललं. खिडकीतल्या मूर्ख लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ओबेनशेन लग्न तिथेच लावायला तयार होते, पण घरातलं कोणीतरी साक्षीला उभं राहिल्याशिवाय आपल्या पंथात चालत नाही, असं त्यांनी ओरडून सांगितलं. घरातलं म्हणजे मी. तू उन्हात होतास. मी हलले नाही. मग आई हाताचा भोंगा करून म्हणाली, "मर्ना, मला थंडी वाजतेय गं." तिचा कोट आतच राहिला होता. मी फक्त कोट पोचवायला गेले, हे नीट लक्षात ठेव, कारण गावात वेगळं सांगतात. ट्रे नव्हता, म्हणून पायांनी गेले आणि कोपराने पोचले. कोट आईच्या खांद्यावर टाकला, आणि ओबेनशेन यांनी मी उभी आहे असं धरून चालून (मी बसले होते) सुरुवात केली. शपथ घेताना पेनीबेकरचा आवाज फुटला. तीस वर्षं टीव्हीवर बोलणारा माणूस, पण चार शब्द त्याला धड म्हणता येईनात. आईने त्याचा ओला हात धरला आणि ती थांबली. मी दुसरीकडे बघत होते, तिकडे पाऊसच होता.

अग्निशमन दलाच्या मुलांनी राख टाकून आम्हाला दोराने वर ओढलं, तोवर पाहुण्यांनी हॅम संपवलं होतं.

असो. लहानांना पापे, डोरिंडाला काळजी घ्यायला सांग, आणि जमलं तर आईला आपणहून फोन कर.

तुझी,
मर्ना

ता. क. गुरुवारी दोघं मधुचंद्राला तुझ्याकडे येताहेत. विमानतळावर स्वतः जा. त्याला मिस्टर पेनीबेकर म्हणू नकोस, आईला लागतं.

दुसरा ता. क. परतल्यावर ती दोघं त्याच्या गावी राहायला जाणार म्हणतात, डोंगरापलीकडे, आणि आईचं घर बंद होणार. तुझं तो ऐकेल. त्याला सांग, दरीचा अंदाज दरीत राहूनच घ्यावा, आईच्या घरातून उत्तरेकडचं आकाश उत्तम दिसतं, काय वाटेल ते सांग. मी विचारू शकत नाही. त्याच्याबद्दल गावभर इतकं बोलून बसलेय. काल ती दोघं डोंगरापलीकडे गेली होती; सकाळी, हल्ली रोज बघते तशी, त्याने कोट घातलाय का ते बघायला खिडकीत गेले तर त्या अंगणात कोणी उभं नव्हतं, आणि दिवसभर कोट घालू की नको हेच मला ठरवता येईना.