एफडीला हात न लावता सिमला

१ एप्रिल, सकाळी ६.१०
आजपासून घरखर्च माझ्याकडे. रिटायर होऊन महिना झाला, आता आराम पुरे.
शैलाला सिमला-मनालीला जायचंय, बर्फ बघायला. छत्तीस वर्षांच्या संसारात बायकोने फक्त आमच्या फ्रीजमधला बर्फ पाहिला, तोही उलथन्याने खरवडताना. टूरवाल्याकडे १५ मेपर्यंत पैसे भरायचेत. मी शब्द दिलाय: एफडीला हात न लावता, निव्वळ घरखर्चातल्या बचतीतून दोघं जाऊ. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये चौतीस वर्षं काढली आहेत. घर म्हणजे तरी काय, छोटं स्टोअर्सच.
पहिले निर्णय: संध्याकाळी सात ते सकाळी सात फ्रीज बंद. पेपर बंद, खालच्या मजल्यावरच्या बापूरावांचा वाचायचा. शैलाची भिशी बंद. दर महिन्याला बारा बायका, बटाटेवडे, आणि निष्पन्न काय? बापूरावांची मिसेसही त्यातच. शैला "बरं" म्हणाली. इतक्या पटकन पटेल असं वाटलं नव्हतं.

४ एप्रिल
बापूरावांनी पेपर दिला. दुपारी साडेबाराला. शब्दकोडं पेनने सोडवलेलं, तेही चुकीचं.

७ एप्रिल
हडपसरला भाजी महाग. बसने थेट मंडई. सीनियर सिटिझनचा पास, म्हणजे जवळजवळ फुकटच. टोमॅटोचं अख्खं क्रेट घेतलं. भाजीवाली म्हणाली, काका, दोन किलो न्या, घरी खाणार कोण एवढं? धंदा कसा करावा हे बाईला शिकवायला हवं.
कंडक्टरने क्रेट बसमध्ये घेऊ दिलं नाही. रिक्षाने आलो. रिक्षा धरली नाही तर टोमॅटो खूपच स्वस्त पडले.

१० एप्रिल
टोमॅटोचं सार. टोमॅटोची चटणी. टोमॅटोची कोशिंबीर. उरलेले पाणी सोडायला लागलेत, आणि फ्रीजही. सकाळी त्याच पाण्यावरून घसरलो. कंबर.
यमुनाबाई पंधरा वर्षं आमच्याकडे कामाला आहेत, पण तोंड फार. म्हणाल्या, काका, रोज तळं पुसायचं असेल तर पगार वाढवा. शैलाने लगेच वाढवला. मला विचारलंही नाही.

२२ एप्रिल
आज खरा मोठा हात मारला. वर्षाचा गहू! मार्केट यार्डातून, होलसेल भावात, दोन क्विंटल. शैला म्हणाली, अहो, आपल्याला महिन्याला सहा किलो लागतो. तेच तर! पावणेतीन वर्षं भाव कितीही वाढू दे, आपण निवांत.
टेम्पो आणि हमाली धरलेली नव्हती. लिफ्ट बंद असेल हेही. हमाल तिसऱ्या मजल्यावर पोचून मला जे बोलला ते इथे लिहीत नाही.

२९ एप्रिल
गहू गच्चीत उन्हात घातला. कबुतरं. सकाळी नऊपासून छत्री आणि काठी घेऊन बसून आहे. बापूराव डोकावले आणि म्हणाले, अरे वा, पुन्हा नोकरी लागली वाटतं. मी कबुतरांवर काठी आपटली.

५ मे
सोसायटीत मोफत आरोग्य तपासणी. मला काही होत नव्हतं, पण मोफत होती म्हणून गेलो. शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, पोळी बंद, ज्वारीची भाकरी खा. घरात आहे तेवढा गहू संपवून मग बंद केला तर चालेल का, असं विचारलं. त्यांनी विचारलं, किती आहे? सांगितल्यावर त्यांनी बीपीही तपासलं.
ज्वारी गव्हापेक्षा महाग आहे. कमाल आहे.

१४ मे, दुपारी
बचत मोजली. मग परत मोजली. उणे येतेय. उद्या शेवटचा दिवस. शैलाने छत्तीस वर्षांत स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. फार वाईट वाटलं. बिनसाखरेचा चहा घेतला, त्याने आणखी वाईट वाटलं.

१४ मे, संध्याकाळी
सांगून टाकलं. शैला म्हणाली, माझे पैसे कालच भरले, या महिन्याची भिशी मला लागली. मी म्हणालो, भिशी बंद करायची ठरली होती. ती म्हणाली, ठरवली तुम्ही होती. मग म्हणाली, अजून एक सीट आहे, मोडा ना ती एफडी, चला माझ्याबरोबर. दोनदा म्हणाली.
मी ठाम. शब्द म्हणजे शब्द. एफडीला हात नाही.

१६ मे, सकाळी १०
एफडी म्हणजे तरी काय, आपलेच पैसे. बँक उघडायच्या आधी दारात उभा होतो. तिथूनच टूरवाल्याला फोन केला. शेवटची सीट काल संध्याकाळी गेली. मिसेसची आधीच होती, ही बापूरावांनी घेतली.

२७ मे, संध्याकाळी ७.३०
शैलाला जाऊन चार दिवस झाले. तसं पाहिलं तर माझं अख्खं तिकीट वाचलं. एवढी मोठी बचत एकरकमी कोणी करून दाखवावी. यमुनाबाई भाकऱ्या आणून देतात, बदल्यात गहू नेतात. पुढची दोन वर्षं नेणार म्हणतात.
करमत नाही. घरात बोलायला गव्हाची पोती.
आत्ता व्हिडिओ कॉल आला होता. शैला लाल स्वेटरमध्ये, दोन्ही मुठींत बर्फ, लहान मुलीसारखी हसत होती. इतकी हसताना शेवटची कधी पाहिली, आठवेना. मागे बापूराव आणि त्यांची मिसेस. मी म्हणालो, छान आहे. तुझ्याबरोबर यायला हवं होतं, हेही म्हणालो. तिने हातातला बर्फ खाली ठेवला. मग म्हणाली, अहो, फ्रीज चालू आहे ना? तुमची आमटी करून ठेवलीय फ्रीजरमध्ये.
उठून बघितलं. सवयीने सातला बंद केला होता. बटण दाबलं. बर्फ धरायला चारेक तास लागतील. खुर्ची ओढून समोर बसलोय.