ड्वेनला पिचरचं नाव माहीत नाही

मंगळवार

प्रिय बर्निसताई,

व्हर्नाचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत असं सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिते. ते कितपत खरं आहे ते शेवटपर्यंत वाचून तूच ठरव. मोतीबिंदू काढल्यापासून दिसतं कसं? अजून धूसर दिसत असेल तरी हे पत्र हॅरल्डभावजींकडून वाचून घेऊ नकोस. माणूस देवासारखा आहे, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही, आणि तुमच्या ॲरिझोनातली बातमी आमच्या विस्कॉन्सिनात पोचवायला त्यांना एक फोन पुरतो. भिंग घे आणि दाराकडे पाठ करून वाच.

तर आपल्या भाऊरायाने, ड्वेनने, आरव्हीतून मिल्वॉकीला बेसबॉलची मॅच बघायला जायचं ठरवलं आहे. हो, ड्वेनने. जो माणूस परक्या उशीवर मान आखडते म्हणून सख्ख्या भाचीच्या लग्नाहून रात्रीच परत आला होता, तो. आरव्ही आहे लव्हॉनची. (लव्हॉन म्हणजे ओढ्यापलीकडची. तिचा मर्ल गेला त्याला तीन वर्षं झाली. मागे ठेवून गेला तो एकोणतीस फुटी चाकांवरचा बंगला: पलंग, शेगडी, संडास, सगळं आत.) शुक्रवारी निघायचं, शनिवारी मॅच, रविवारी परत. जाणार कोण? ड्वेन, लव्हॉन आणि मी. मला कोणी ‘येतेस का’ असं विचारलं नाही. ‘तू खिडकीजवळ बसशील ना’ असं विचारलं. इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तू म्हणशील, व्हर्ना, तुला लहानपणापासून सगळ्यांचा संशय. असेल. पण हे ऐक. मी ड्वेनला विचारलं, शनिवारी पिचर कोण आहे, चेंडू कोण टाकणार? तो टोस्टला लोणी लावत होता. मान वर न करता म्हणाला, “असेल कोणीतरी.”

असेल कोणीतरी. ताई, आईच्या अंत्यविधीच्या दिवशी, शवपेटी खाली जात असताना, याच माणसाने डोळे पुसत माझ्या कानात सांगितलं होतं की आज त्यांनी डावखुऱ्याला उतरवलंय. दर उन्हाळ्यात हा गॅरेजमध्ये रेडिओपाशी बसून एकेका चेंडूची नोंद वहीत करतो आणि कोणी दार उघडलं तर ओरडतो. पुढच्या आठवड्यात कोणाची पाळी, कोणाचा खांदा दुखतोय, सगळं त्याला तोंडपाठ. आणि आता स्वतःच्या पायांनी, म्हणजे लव्हॉनच्या चाकांनी, मैदानावर जायचं तर पिचर ‘असेल कोणीतरी’. याचा अर्थ हे लोक मॅच बघायला जात नाहीयेत. मग कशाला जातायत?

उत्तर मला मे महिन्यातच कळायला हवं होतं. लव्हॉनकडून काचेच्या भांड्यातून बटाट्याचा भाजलेला प्रकार आला. मी भांडं धुतलं, पुसलं, पालथं केलं, तर बुडाला नावाची चिकटपट्टी नाही. तुझ्याकडे वाळवंटात काय रीत आहे कोण जाणे, पण आपल्या चर्चमध्ये नाव नसलेलं भांडं कोणी उंबऱ्याबाहेर काढत नाही. (माझ्या मोठ्या भांड्यावर तर आईच्या हातची पट्टी आहे. चार पिढ्या गेल्या तरी ते कोणाचं हे कोणी विसरणार नाही.) बाईने नाव न लावता भांडं पाठवलं, याचा अर्थ तिला ते परत नको आहे, भांड्यामागून ती स्वतःच येणार आहे. बरं, पदार्थ कसा? कडेने करपलेला आणि खारट. चाळीस वर्षं रांधणाऱ्या बाईच्या हातून असं होतं म्हणजे तिचं मन कुठे होतं, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि ड्वेन दर बुधवारी दुपारी तिच्याकडे ‘नळाला वायसर बसवायला’ जातो. एवढे नळ राजवाड्यात नसतील.

शिवाय लव्हॉन माझी उलटतपासणी घेते. व्हर्ना, तू घोरतेस का? व्हर्ना, गाडीत मळमळतं का गं तुला? नकाशा वाचता येतो? आणि परवा अंगणात कपडे वाळत घालताना अगदी सहज: “तुला ऊन बाधत नाही ना?” मी म्हटलं, मला कसलंच काही बाधत नाही. मनात म्हटलं, म्हातारीला कुठे ठेवायचं याची चौकशी चाललीय. वृद्धाश्रमातली खोली पश्चिमेच्या अंगाची आहे वाटतं.

ताई, मी हसत लिहितेय, पण मला भीती वाटते. आई गेल्यावर ग्रीन बेमधली नोकरी सोडून मी इथे आले ती ‘ड्वेनचं बस्तान बसेपर्यंत’, त्याला एकतीस वर्षं झाली. घर त्याच्या नावावर. मी कधी त्यावर बोलले नाही, बोलायची वेळच आली नाही. पण लव्हॉन या घरात आली तर मी कोण? एका स्वयंपाकघरात दोन बायका म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तू सासूबरोबर नऊ वर्षं काढलीस आणि अजून कोबीचा वास सहन करू शकत नाहीस. मला कोणी जा म्हणणार नाही. आमच्याकडे कोणी काही म्हणतच नाही. नुसते बटाटे पाठवतात.

काल सामान भरायला म्हणून आरव्ही आमच्या अंगणात आणली. मागे घेताना कोणीतरी पाठीमागे उभं राहून हात करायचे असतात, ते काम माझ्याकडे आलं. (जिथे गाडी अंगावर येऊ शकते तिथे मी, आणि ती दोघं पुढे आत बसलेली, हेही लिहून ठेव.) ड्वेन मागे येतोय, येतोय, टपालपेटी हातभर राहिली, तेव्हा मी दोन्ही हात बाजूला पसरून तळवे खाली केले: बस, पुरे, आता इंचभर नको. आरशात बघून ड्वेनचा चेहरा खुलला आणि तो सरळ मागे आला. पेटी खांबासकट आडवी.

“तूच तर सेफ दिलंस,” तो उतरून म्हणाला.

“मी थांब म्हणत होते.”

“थांबायचा हात असा असतो? पन्नास वर्षं मॅच बघतेस तू. अंपायरने असे हात केले म्हणजे धावणारा सुखरूप पोचला, त्यावर कोण थांबतं सांग मला.”

लव्हॉन मात्र चिडली नाही. तिच्या आरव्हीच्या मागच्या शिडीला एवढा पोक आला, तरी ती पोटाला हात लावून हसत म्हणाली, “असू दे गं, ती आधीपासून वाकडीच आहे. चल, कॉफी टाक.” स्वतःच्या गाडीला पोक आल्यावर हसणाऱ्या बाईचा संशय येऊ नये तर कोणाचा यावा?

तेव्हा मी ठरवलंय की जायचं. डोळ्यांत तेल घालून जायचं. झोपायची व्यवस्था अशी आहे की मागच्या पलंगावर मी आणि लव्हॉन, आणि जेवायचं टेबल खाली पाडून केलेल्या बिछान्यावर ड्वेन. म्हणजे त्याला उठून कुठे जायचं तर माझ्या पायांवरूनच जावं लागेल. मैदानातही तीन खुर्च्यांत मधली माझी. काय ते बोलतील ते माझ्या नाकासमोर.

तू काही काळजी करू नकोस. तुमच्याकडे पाहुण्यांची खोली रिकामी असते का, हे मी मुळीच विचारत नाहीये.

तुझी धाकटी बहीण,
व्हर्ना

ता. क. (बुधवार, संध्याकाळ): पेटी आडवी असल्यामुळे टपालवाली पत्र न्यायला थांबलीच नाही, पत्र पावाच्या डब्यावर पडून आहे. बरंच झालं. आज सकाळी ड्वेनची प्रवासाची फाइल माझ्या हाती लागली. (ती त्याच्या कपाटात, थंडीच्या मोज्यांखाली सहज पडलेली होती.) आत रस्त्याचा नकाशा, गाडी लावायच्या तळाची पावती, सॉसेज किती घ्यायचे याची यादी, आणि त्याखाली त्याच्याच अक्षरात: ‘व्हर्नाला कधी सांगायचं? मॅचनंतर. पोट भरलेलं असताना.’

मी संध्याकाळपर्यंत दम धरला. लव्हॉन ‘शेवटचं बघायला’ म्हणून आली, तिघं टेबलाशी बसलो, आणि मी तो कागद साखरेच्या भांड्याला टेकवून उभा केला.

ड्वेन म्हणाला, “तू माझ्या मोज्यांत काय करत होतीस?”

“विषय बदलू नकोस. लग्न कधी आहे ते सांग.”

“कोणाचं?”

“तुमचं.”

ड्वेनने लव्हॉनकडे असं पाहिलं की तिच्याऐवजी मलाच वाईट वाटलं. “हिच्याशी? अगं, मर्ल बिचारा मरेपर्यंत गाडी कुठे वळवायची ते हिच्या तोंडून ऐकत होता.”

“आणि मला काय सोनं लागलंय तुझं?” लव्हॉन म्हणाली. “जेवताना रेडिओ लावतोस, नखं ओट्यावर कापतोस. सांग आता तिला, नाहीतर ती आत्ताच पाद्र्याला फोन लावेल.”

शेवटी तिनेच सांगितलं. नोव्हेंबर ते मार्च तिला तुमच्या ॲरिझोनाला जायचंय. मर्लबरोबर जायची तशी. एवढी धूड गाडी दोन हजार मैल एकटीने न्यायचा धीर होत नाही, आणि गप्प बसून नकाशा वाचणारी बाई गावात एकच. ती माझ्या तोंडावर म्हणाली, “मला तुझा भाऊ नको गं बाई, तू हवी आहेस. म्हटलं, दोन रात्री एका पलंगावर काढून बघू. एकमेकींचा जीव घेतला नाही तर विचारीन.” मॅचची कल्पना ड्वेनची. व्हर्नाची परीक्षाच घ्यायची तर निदान मला एक मॅच बघायला मिळू दे, असं तो म्हणाला होता म्हणे.

“मग पिचर कोण ते का माहीत नव्हतं?” मी विचारलं. मी एवढ्यावर सोडणारी नाही.

चमचा फिरवत तो म्हणाला, “आठवडाभर तुला कसं सांगायचं तेच डोक्यात आहे. कोण पिचर, कोण कॅचर, काही सुचत नाहीये. तुला ‘जा’ म्हणायचं म्हणजे तुला वाटणार मी घराबाहेर काढतोय. काढत नाहीये. तू माझ्यासाठी आलीस आणि मग कुठे गेलीच नाहीस, व्हर्ना. मला जेवण करता येतं आता. दर बुधवारी हिच्याकडे शिकतोय.”

ते बटाटे त्याने केले होते. पट्टी नव्हती, कारण भांड्यावर कोणाचं नाव लावायचं ते त्या दोघांना ठरवता आलं नाही.

मला आनंद व्हायला हवा होता ना ताई? मला रडू आलं. एकतीस वर्षं मला खात्री होती की मी नसेन तर हा माणूस उपाशी मरेल. त्या खात्रीवर मी रोज सकाळी उठत होते. मी म्हटलं, “मीठ फार होतं,” आणि वर जाऊन दार लावून घेतलं.

ता. ता. क. (शनिवार, मिल्वॉकी, मैदानाबाहेरचा गाड्यांचा तळ): हे मांडीवर लिहितेय म्हणून अक्षर असं. एक रात्र झाली, दोघी जिवंत आहोत. लव्हॉन घोरते, मला विचारत होती. रस्ताभर मी वळणं सांगितली आणि तिने एकदाही वाद घातला नाही, त्यामुळे तिच्याबद्दलचा माझा संशय काही पूर्ण गेलेला नाही. आता सगळ्या तळावर शेगड्या पेटल्यात, आणि ड्वेन परक्या लोकांना आजचा पिचर तिसऱ्या इनिंगनंतर कसा ढेपाळतो ते समजावून सांगत आमची सॉसेज बिअर-कांद्यात उकळून जाळीवर टाकतोय. मी इथून पाहतेय. एकही करपलेलं नाही. मला वाटलं होतं एक तरी करपेल.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. म्हणजे मंगळवारी त्यासाठी लिहिलं नव्हतं, पण आता आहे. तुमच्या घरासमोरची जागा एकोणतीस फूट आहे का, ते पावलांनी नको, टेप लावून मोज. आणि मला एक पत्र पाठव. मी ड्वेनसाठी आले, ड्वेनसाठीच राहिले. कोणाला गरज नसताना नुसतं मजेसाठी कुठे जायचं असतं, ते मला कधी जमलेलं नाही, आणि एकाहत्तराव्या वर्षी चर्चमधल्या सगळ्यांसमोर शिकायची मला लाज वाटते. म्हणून तू लिही की तुझा गुडघा गेलाय, हिवाळाभर हाताशी कोणी नाही, आणि व्हर्ना, तू यायलाच हवंस. जरा कण्हत लिही, मला ते चारचौघींत वाचून दाखवायचंय. कुठला गुडघा ते तू ठरव, पण एकदा ठरवलास की मार्चपर्यंत तोच ठेव.