एका तारेवर दोन घरं

इवान्यित्सा, ऑक्टोबर २००६

प्रिय बिल्याना,

इंटरनेट आलं. फोनच्याच तारेतून. मी तंत्रज्ञाच्या मागे भुंग्यासारखी लागले होते, की बाबा, मी बोलत असताना इंटरनेटवरून येणारं तुमचं चित्र माझ्या आवाजावर आपटत का नाही? तो म्हणाला, आवाज खालच्या पट्टीत चालतो आणि इंटरनेट इतक्या वरच्या पट्टीत, की माणसाच्या कानाला पत्ताच लागत नाही. मध्ये एक चिमुकली डबी दोघांना वेगळं करते. मला फार मौज वाटली. तरी मी रिसीव्हर कानाला लावून ऐकलंच.

पण आधी फजिती झाली. इंटरनेटच्या मोठ्या डब्यावरचा दिवा नुसता लुकलुकत राहिला. मग तंत्रज्ञानं जिन्यातली पेटी उघडून कपाळाला हात लावला. आपला फोन जुळा ना, आपण आणि शेजारचे ल्युबिसावकाका एकाच तारेवर. तू मैत्रिणीशी गप्पा मारत बसायचीस, त्यांचा फोन मुका व्हायचा आणि ते भिंत बडवायचे.

"आजी, एका तारेवर दोन संसार," तो म्हणाला. "इंटरनेट कुठं बसवू?" इमारतीत दुसरी तार शिल्लक नव्हती. दोघांपैकी एकानं फोन सोडला तरच जमणार होतं. मी म्हटलं, राहू दे. तुला आणि नातवाला बघायला जीव तुटत होता, पण शेजाऱ्याचा फोन कसा तोडायचा?

ल्युबिसाव दारातच उभे होते. म्हणाले, "माझा काढ. मला कोण करतंय फोन? हिचा चालू असला की माझा मुका व्हायचा, तेवढ्यावरून मला कळायचं, बाई बरी आहे. आता रोज येऊन विचारावं लागेल."

आणि खरंच येतात. कॉफी पितात, माझ्या रासबेरीच्या मुरांब्याला नावं ठेवतात आणि बरणी संपवतात. गेल्या आठवड्यात म्हणाले, दोन चुली कशाला? मला बरं वाटलं, बाळा. तुझे बाबा गेल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं. पण मी त्यांना सांगितलं, आधी लेकीला विचारते.

हे फोनवर सांगायला जीभ रेटेना. पडद्यावर सांगितलं असतं, तर तुझा चेहरा पडलेला मला दिसला असता, आणि तो आवरायला तुला वेळच मिळाला नसता. म्हणून हे पत्र. एकटी असताना वाच, रडायचं तर रड, माझ्यावर चिडायचं तर चीड. कॅमेरा आणून ठेवलाय, अजून जोडलेला नाही. मन तयार झालं की फोन कर आणि एवढंच सांग, माझ्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवू की नको?

तुझीच,
आई